कान झाकून ऐकलेली गाणी

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. राग कुठला, ताल कुठला असं कोणी विचारलं तर मी खाली बघतो. काम करताना मागे काहीतरी चालू असावं, ओळखीचं असावं, आणि ते संपलं की दुसरं लागावं, एवढीच माझी भूक. अशा माणसाला हेडफोन कोणते घ्यावेत याचा विचार पडायचं खरं म्हणजे कारण नव्हतं. पण मला पडला, कारण मला ते लपवायचे होते.

लपवायचे होते वहिनीपासून, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोपासून. दादा मागच्या मार्गशीर्षात गेला आणि त्याच्या दहाव्याला मी चारचौघांत बोलून बसलो की वर्षभर आमच्या घरात गाणं वाजणार नाही. ज्या घरात चहाच्या आधी गाणं लागायचं, त्या घरात. बोललो मी, आणि गप्प बसावं लागलं तिला. मी मात्र गप्प बसलो नाही. तेच सांगायचं आहे.

मी मुळात न बोलणारा माणूस. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरी केली, तिथेही लोक म्हणायचे, ह्याच्याकडून नटबोल्ट मिळेल, शब्द मिळायचा नाही. म्हणून लिहितोय.

आमचं गाव पौडच्या अलीकडे, दोन्ही अंगांना डोंगर. रेडिओ तिथे काही पकडायचा नाही. घरात लावला तर नुसती खरखर. आम्ही लहान असताना दादा तो ट्रान्झिस्टर छातीशी धरून अंगणभर, परसभर हिंडला होता, आणि कुठे उभं राहिलं की आवाज स्वच्छ येतो ते त्यानं शोधून काढलं होतं. ती जागा निघाली गोठ्यात, गव्हाणीच्या टोकाच्या खांबापाशी. मग रेडिओ तिथेच टांगला गेला, त्याची एक तार वर पत्र्याला बांधली गेली, आणि आमच्या घरातलं सगळं गाणं म्हशींच्या सोबतीनं ऐकायचं ठरून गेलं. दादा म्हणायचा की रेडिओ बंद असला तर थोरली म्हैस पान्हा चोरते. खरं असेल-नसेल, आईला मात्र ते पटलं होतं, त्यामुळे सेल संपले की ती स्वतः आणायला सांगायची.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावर यायचा; शेत मोकळ्यावर, तिथेही तो पकडायचा. छत्रीची काठी चिखलात रोवायची आणि तिला तो अडकवायचा. आवाज असा मोठा की तिसऱ्या खाचरातून कोणीतरी ओरडायचं, "ए, बातम्या नगं, गाणं लाव!" जसं काही दादाच्याच हातात होतं. दादाही तिथून ओरडायचा, "आलंच! त्येंचं झालं की लावतो!" त्याला एकट्यानं ऐकायला आवडायचंच नाही. गाणं एकट्यानं ऐकणं म्हणजे त्याला चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं.

वहिनी कासारसाईकडची. लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. पहिले काही महिने तिचा आवाजच कोणी ऐकला नाही. डोक्यावरचा पदर सांभाळत खाली मान घालून कामं उरकायची. पण दादानं एक पाहिलं होतं. भांडी घासायला परसातला नळ जवळ असताना ती पाटी उचलून गोठ्याच्या कडेला जाऊन बसायची. पाणी तिथवर वाहून न्यायची. एका रविवारी दादा शिडी लावून छपरावर चढला आणि दुपार टळून गेली तरी उतरेना.

"काय करतुयास रं वर?" आईनं विचारलं.

"कौलं बघतुय."

संध्याकाळी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी रेडिओ होता आणि त्याची तार खिडकीतून कौलांवर, कौलांवरून पार गोठ्याच्या पत्र्यापर्यंत गेली होती. खरखर नव्हती. वहिनी भाकरी थापत होती आणि तिनं मान वर केली नाही, पण थापायचा हात थांबला होता. मी दादावर चिडलो. गोठ्यातली माझी मजा गेली होती. दादा म्हणाला, "तुला काय, तू कुटंबी ऐकशील. तिनं कुटं जायचं?"

पुढे कॅसेट आल्या, मग मोबाईल आला. दादा पौडला एसटी स्टँडजवळच्या दुकानात जाऊन कार्डात गाणी भरून आणायचा. दुकानदार काय वाट्टेल ते भरून द्यायचा. अभंग संपला की लावणी, लावणी संपली की कुठलंतरी हिंदी धांगडधिंग्याचं. वहिनी म्हणायची, "अवं, ह्ये पुढं सारा की." दादा कधी पुढे सारायचा नाही. "आलंय तर वाजू दे बिचाऱ्याला." नंतर त्यानं एक निळा डबा आणला, कार्ड घालायचा. त्याचं आवाज कमीजास्त करायचं बटण लवकरच बिघडलं आणि तो कायमचा मोठ्या आवाजातच अडकला. त्या आवाजावर आमच्या आळीतले लोक उठायचे.

आता दहाव्याचं.

नदीवर पिंड ठेवला होता. कावळा येईना. ऊन चढलं, माणसं पाय बदलत उभी. कावळे होते, समोरच्या चिंचेवर चांगले पाच-सहा होते, पण खाली उतरत नव्हते. अशा वेळी आमच्याकडे मेलेल्या माणसाचं काय अडलंय ते शोधतात. जवळचा माणूस हात जोडून शब्द देतो, आणि तो शब्द बरोबर लागला की कावळा शिवतो. "भावजयीला संभाळीन म्हण," मागून कोणीतरी सांगितलं. मी म्हटलं. कावळा आला नाही. "पोरीचं माहेरपण करीन म्हण." दादाची मुलगी दिली आहे साताऱ्याकडे. तेही म्हटलं. नाही. "आरं मोठ्यानं बोल, त्येला ऐकू गेलं पायजे!" हे आमच्या एका थोरल्या चुलत्यांचं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या दहा दिवसांत मी एकदाही रडलो नव्हतो, आणि ते लोकांनी पाहिलं होतं, हे मला ठाऊक होतं. भूक लागली होती. भाऊ गेला असताना भूक लागते याची लाज वाटत होती. आणि त्या लाजेत मी मोठ्यानं म्हणालो, "दादा, वरीसभर घरात गाणं वाजू देणार न्हाई."

कावळा उतरला.

"बघा," लोक म्हणाले. "त्येच अडलं व्हतं." चुलत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मात्र मला रडू आलं, आणि ते बघून लोकांना आणखी बरं वाटलं.

घरी आल्यावर मी निळा डबा पंच्यात गुंडाळून कपाटावर टाकला. वहिनी दारात उभी होती. तिनं बघितलं आणि आत गेली.

मग घरात काय काय ऐकू यायला लागलं ते मला सांगता येणार नाही. झाकण ठेवल्याचा आवाज. पीठ चाळल्याचा. वहिनीच्या आणि माझ्या बायकोच्या चालण्यातला फरक. जावा-जावा एकमेकींशी बोलायच्या तेही हळू, दवाखान्यात बोलतात तसं. महिनाभर मी ते काढलं आणि मग मला सोसेना. वहिनीला सोसत होतं की नाही हा प्रश्न, खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यातच आला नाही.

आमच्या वरच्या खोलीत यवतमाळकडची एक बाई भाड्यानं राहते. हिंजवडीला कंपनीत आहे, तिशी ओलांडलेली, मला काका म्हणते. तिच्याकडे नाना तऱ्हेचे हेडफोन असतात हे मी गॅलरीत बघितलं होतं. मी पाण्याच्या टाकीचं निमित्त काढून वर गेलो आणि शेवटी विचारलं.

"फोनवर बोलायला पाहिजेत का गाणी ऐकायला?"

"गाणी. सहज आपली."

"प्रवासात?"

"गोठ्यात."

ती हसली. पण मग तिनं मनावर घेतलं. पलंगावर तीन प्रकार मांडले. एक मोठे, टोपीसारखे डोक्यावरून येऊन दोन्ही कान झाकणारे. ते तिनं मला घालून दाखवले आणि जगच बंद झालं. पंखा फिरताना दिसत होता पण त्याचा आवाज नव्हता. ती ओठ हलवत होती. मी ते काढले. "आवाज यांचाच सगळ्यात भारी," ती म्हणत होती, "पण चैत्रात कान उकडून निघतील तुमचे. आणि म्हशी बुजतील." दुसरा गळ्यात घालायचा पट्टा, त्याच्या दोन टोकांना कानात घालायच्या बोंड्या. "हा घ्या. तुमच्यासाठी हाच बरा. कानातून पडला तरी गळ्यात राहतो, चार्जिंग पुष्कळ टिकतं, आणि सहज ऐकणाऱ्याला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही." तिसरे म्हणजे डबीतले, दोन सुटे मणी. "हे नको, काका. शेणात पडले तर मिळायचे नाहीत. आणि हे बाहेरचा आवाज एकदम बंद करतात."

तिनं माझं काम बघितलं, वय बघितलं, सवयी विचारल्या, आणि सल्ला बरोबरच दिला. मी फक्त एवढंच बघत होतो की मफलरखाली काय मावतं. पट्टा मानेवर उठून दिसला असता.

"हेच मागवा," मी म्हणालो आणि डबीकडे बोट केलं.

"अहो पण..."

"न्हाई पडायचे."

तेव्हापासून माझी पहाटेची धार काढायची वेळ म्हणजे माझी एकट्याची मैफल झाली. मफलर कानावरून गुंडाळायचा, फोन आतल्या खिशात, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायचं, आणि लावायचं. दादाच्या कार्डातली गाणी मी एकेक आठवून फोनवर शोधून काढली. एक मोठं नवल झालं. जी गाणी मी आयुष्यभर कुकरच्या शिट्ट्यांत आणि भांड्यांच्या आवाजात ऐकली होती त्यांच्यात आणखी पुष्कळ काही होतं. एका गाण्याच्या मागे सबंध वेळ बासरी होती. मला माहीतच नव्हतं. दोन ओळींच्या मध्ये गाणारी बाई श्वास घेते तोही ऐकू यायचा. वाटायचं, हे दादाला सांगितलं पाहिजे. पाठोपाठ आठवायचं की सांगायला दादा नाही, आणि वहिनीला सांगायची सोय मीच ठेवलेली नाही. तरी मी ते कानातून काढले नाहीत. रोज घालत होतो.

चैत्रात वहिनीच्या बहिणीकडे लग्न होतं. ती हळदीला गेली आणि उजेड असतानाच परत आली. माझ्या बायकोनं विचारलं, "आक्का, एवढ्या लौकर? जेवला न्हाई व्हय?"

"तितं वाजत व्हतं गं," वहिनी म्हणाली. "म्हणलं, भावजींनी शब्द दिलाय. घरात न्हाई आन् बाहीर ऐकलं तर त्येला काय अर्थ."

मी ओसरीवर बसलो होतो. डबी खिशात होती. त्या वेळी उठून बोलायला हवं होतं. मी उठलो आणि वैरण टाकायला गेलो.

आवणीलाही तसंच. खाचरात बायका वाकलेल्या, आणि बांधावर काही नाही. एक जण म्हणाली, "ह्या शेतात मला ऐकू येईनासं झाल्यासारखं वाटतंय बया." वहिनी म्हणाली, "वरीस हाय." एवढंच. मी पलीकडच्या खाचरात औत धरायच्या निमित्तानं डोक्याला टॉवेल गुंडाळून होतो, आणि टॉवेलच्या आत गाणं चालू होतं.

भात पोटरीला आलं तेव्हा माझा कान ठणकायला लागला. बायको वैतागली होती ते वेगळंच. "अवं, हाका मारून मारून माजा घसा बसला. रेडकू सुटून पार रस्त्याला गेलं तरी ह्यांचं आपलं कपाळ म्हशीला!" तिला माझी डबी ठाऊक होती. एका घरात बायकोपासून काय लपतं? मी पुन्हा वर गेलो. वरच्या बाईनं या वेळी तिचे स्वतःचे वापरायला दिले, कानाच्या बाहेर अडकवायचे, भोक मोकळं ठेवणारे. "आवाज थोडा पातळ वाटेल. पण बाहेरचं सगळं ऐकू येईल. दोन दिवस घालून बघा, मग ठरवा कुठले घ्यायचे."

दुसऱ्या पहाटे ते अडकवून मी धारेला बसलो. गाणं लागलं. दुधाची धार बादलीत वाजत होती तीही ऐकू येत होती, बरं वाटलं. आणि मग मला गोठ्यात आणखी कोणीतरी आहे असं वाटलं. गाण्याबरोबर कोणीतरी म्हणत होतं. घोगरं, ताल सोडून, पण चांगलं खणखणीत. मी मान वळवली आणि आवाज थांबला.

तो मी होतो.

मी बादली खाली ठेवली. आतापर्यंत कान बंद असायचे, मला वाटायचं मी मनात म्हणतोय. पौषापासून रोज पहाटे मी माझ्याच दुखवट्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, मोठ्यानं गाणं म्हणत होतो. आणि घरातलं कोणी मला एका शब्दानं बोललं नव्हतं.

त्यानंतर मी काही कानाला लावलं नाही. गप्प धार काढायची, गप्प यायचं. असे काही दिवस गेले. एका सकाळी मी चहाला आत गेलो तर वहिनी तव्यापुढे होती. बायको कोपऱ्यात ताक करत होती.

"भावजी, अंगात कणकण हाय का?" वहिनीनं विचारलं.

"न्हाई. का?"

"आवाज न्हाई तुमचा."

"कसला आवाज?"

"कसला म्हंजी? म्हणताय की धार काढताना."

बायकोनं रवी थांबवली. "आक्का, कशाला सांगितलं? आता लाजून मरत्याल. तुमीच मला म्हणला व्हता, बोलू नगंस, बंद करत्याल."

मला कुठे बघावं कळेना. "वयनी, तुमी ऐकत व्हता?"

"न ऐकून काय करू? खिडकी हाय तितं." तिनं भाकरी उलटली. "लई बेसूर म्हणताय. तिसऱ्या ओळीला दर बारीला दुसऱ्याच गाण्यात शिरताय. पर कुटलं हाय ते कळतं. तेवढं कळलं की बाकीचं मी मनात लावून घेते."

मी खिशातली डबी काढून तिच्यापुढे ओट्यावर ठेवली. हे करायला मला किती वेळ लागला ते मलाच माहीत.

"मी ह्यात ऐकतुय. पौषापासनं."

"ठाऊक हाय. चैतात मफलर कोण गुंडाळतंय?"

"तुमी घ्या हे. तुमी ऐका."

तिनं एक मणी उचलला, चिंचोका बघावा तसा बोटांत फिरवला आणि परत ठेवला. "मला नगं कानात कोंबायला. कुकर झाल्याला कळायचा न्हाई." मग भाकरी उतरवून म्हणाली, "आन् मला एकलीला नगं."

मग मी बोललो. उभ्याउभ्या, चहा हातात घेऊन. म्हणालो की त्या दिवशी नदीवर मी दादासाठी बोललो नव्हतो. मला भूक लागली होती. मी रडलो नव्हतो आणि लोक बघत होते, म्हणून मोठं काहीतरी बोलायचं होतं, आणि जे द्यायला माझं काही जात नव्हतं ते मी देऊन टाकलं. दादाला तसं कधीच नको होतं, हे मला बोलतानाच कळत होतं. तरी बोललो. मग स्वतःपुरती वाट काढली आणि तुम्हाला तशीच ठेवली.

बायको रवीकडे बघत बसली. वहिनीनं गॅस बंद केला.

"कावळा तुमच्या बोलण्यानं आला न्हाई," ती म्हणाली. "तुमी बोलला तवा समदी माणसं मागं सरली. कुणी डोळं पुसाय लागलं, कुणी चप्पल शोधाय लागलं. जागा मोकळी झाली म्हणून आला. मी बायकांत बसले व्हते, मी बघत व्हते."

"मग तवाच का बोलला न्हाई?"

"म्या?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा खाली ठेवला. "नवरा जाऊन धा दिस झालेली बाई. म्या तितं म्हणू, गाणं लावा?"

मी कपाटाकडे वळलो. निळा डबा काढून आणावा, एवढंच सुचलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "असं न्हाई. आज हितं वाजलं की आळी म्हणणार, बाईला वरीस दम निघाला न्हाई. तुमचं कोण नाव घेणार न्हाई, माजंच घेत्याल. चार माणसांत बोलला व्हता न्हवं? मग चार माणसांतच मागं घ्या."

आमच्याकडे चार माणसं सकाळी डेअरीवर भेटतात. दूध घालायला सगळी रांगेत असतात, किटल्या पायाशी, आणि दुसऱ्याच्या दुधात पाणी किती यावर बोलत असतात. मी रांगेत उभा होतो आणि माझा नंबर येऊन गेला तरी तोंड उघडलं नव्हतं. किटली रिकामी करून मी पायरीवरच थांबलो. थोरले चुलते समोरच होते, ज्यांनी पाठीवर हात ठेवला होता तेच.

"काय रं, दूध नासलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. बोलायचं व्हतं."

मी बोलतोय म्हटल्यावरच रांग गप्प झाली. मी म्हणालो, "दादाच्या धाव्याला मी गाण्याचं बोललो, ते चुकीचं बोललो. दादाला गाणं लई प्यारं. त्याच्या नावानं मी त्येच बंद केलं. माज्या घरातली माणसं माज्या बोलण्याला धरून गप हायेत. आजपासनं ते न्हाई."

"आरं पर शब्द दिलाय मेलेल्याला," एक जण म्हणाला. "वर्षश्राद्धाला कावळा न्हाई शिवला मग?"

"न्हाई शिवला तर मी बसंन तितं दिस मावळंस्तवर. पर खोटं बोलून त्येला बोलवायचा न्हाई."

चुलत्यांनी किटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मला वाटलं आता काही ऐकावं लागणार. ते म्हणाले, "आरं गाढवा, मग ह्ये आदी सांगायचं की! तुज्या वरसापायी आमी आळीत समदी टीव्ही बारीक करून बघतुया. मला तसंबी कमी ऐकू येतंय. आट म्हैनं झालं, सून माज्या कानात सांगतीया कोण कुणाला काय बोललं ते!"

रांग हसली. मीही हसलो, पण डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी ते कोणाला दाखवायचं नव्हतं म्हणून मी किटली विसळायला नळावर गेलो.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. डबा कपाटावरून काढला, पंचा सोडला, पुसला आणि स्वयंपाकघरात ठेवला. तिनं ऐकून घेतलं. "बरं केलं," म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

त्या दिवशी तिनं तो लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी गोठ्यातून कान देऊन बसायचो. नुसता तव्याचा आवाज. शेवटी न राहवून विचारलं, "वयनी, सेल गेलाय का? बघू का?"

"न्हाई गेला. लावीन की." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "मला वाटंल तवा लावीन. घाई कशाला करताय?"

तेव्हा मला कळलं की मी अजूनही तिच्या गाण्याची वेळ ठरवायलाच बसलो होतो. मी बाहेर आलो.

वरच्या बाईचे हेडफोन परत द्यायला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "मग काका, शेवटी कोणते ठरले?"

"तुम्ही पहिल्यांदा म्हणाला होतात तो गळ्यातला पट्टा. तो मागवा."

"तेव्हा तर तुम्हाला तो नको होता."

"तेव्हा तो दिसत होता," मी म्हणालो. तिला काही कळलं नाही, आणि मी फोड करून सांगितली नाही. एवढं बोललो हेच पुष्कळ होतं.

पट्टा यायला वेळ होता. दुसऱ्या पहाटे मी मोकळ्या कानांनी धारेला बसलो. म्हणावंसं वाटत होतं, पण आता खिडकीत कोणीतरी आहे हे माहीत झाल्यावर गळ्यातून आवाज निघेना. एक ओळ कशीबशी म्हटली. दुसरी म्हटली. तिसरीला नेहमीसारखा भलतीकडेच गेलो आणि थांबलो. आत भांडी वाजायची थांबली होती. मग खिडकीतून वहिनीनं पुढचे शब्द सांगितले. गाऊन नाही, नुसते सांगितले, मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसे.

मी ते शब्द घेऊन पुढे म्हणायला लागलो.

"एवढं वर नगा नेऊ, भावजी," आतून आवाज आला. "म्हस बुजंल."